सातवी उतरंड

सुन्नेवाला खोटं बोलायची सवय नव्हती. मासळीच्या कारखान्यात तिने सव्वीस वर्षं कॉड मासा कापला. तिथल्या बायका एकमेकींच्या नवऱ्यांबद्दल वाटेल ते रचून सांगत आणि पोट धरून हसत. सुन्नेवा आपली सुरी चालवत गप्प असायची, कारण काही रचायला गेलं की तिचे कान लाल व्हायचे. त्या शुक्रवारी गावच्या कामावर देखरेख करणाऱ्या तुम्मासने तिला विचारलं, "सातवी उतरवलीस?" आणि ती म्हणाली, "उतरवली." त्याने तिच्या कानांकडे पाहायला हवं होतं. पण तिने लोकरीची टोपी खाली ओढली होती आणि तुम्मासला घाई होती.

तुम्मासला मे महिन्याच्या त्या तीन दिवसांत नेहमीच घाई असते. फेरो बेटांच्या त्या कोपऱ्यात गाव म्हणजे तेवीस घरं, एक चर्च आणि मेंढ्या. वर्षभर पर्यटक येतात, डोंगर तुडवतात, चिखल करतात. म्हणून वसंतात गाव तीन दिवस पाहुण्यांना बंद ठेवायचं आणि जे काम करतील त्यांनाच घ्यायचं, असं पंचांनी ठरवलेलं. जेवणखाण आणि झोपायची सोय गावाची, दगड उचलणं पाहुण्यांचं, उरलेल्या वेळात त्यांनी बेट बघावं. सुन्नेवा दरवर्षी दोघांना घरी ठेवून घ्यायची. "माझ्या मुलाला छप्पर रंगव म्हणून तीन वर्षं सांगतेय," ती म्हणायची, "आणि ही शहाणी माणसं विमानाचं तिकीट काढून माझ्या डोंगरावर राबायला येतात."

यंदा काम वेगळं होतं. गावातून वर चढलं की ओढा लागतो. ओढ्यापाशी डावीकडे वळणारी वाट नवी, ती डोंगराच्या कुशीतून पफिन पक्ष्यांच्या कड्याकडे जाते. सरळ जाणारी जुनी वाट हिवाळ्यात संपली, कारण तिच्या टोकाचा कडा समुद्रात कोसळला. चार घरं मावतील एवढी जमीन एका रात्रीत गेली आणि उरलेल्या जमिनीला भेग पडली. त्या वाटेवर खुणेसाठी रचलेल्या दगडांच्या सात उतरंडी होत्या. धुक्यात इथली माणसं एका उतरंडीवरून दुसरी गाठत चालतात, त्यामुळे उतरंड उभी आहे म्हणजे वाट आहे, असा साधा हिशेब. वाटच नाही तर उतरंडी पाडा, असं पंचांनी सांगितलं. सहा उतरंडी पाहुण्यांनी शुक्रवारी दुपारपर्यंत विस्कटल्या.

सातवी सुन्नेवाच्या वडिलांनी रचलेली. "तिला कोणी हात लावू नका, मी उतरवते," ती पंचांना म्हणाली, आणि सगळ्यांनी मान डोलावली. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. चौपन्न वर्षांपूर्वी तिचा भाऊ हानुस चुकलेली मेंढी शोधायला गेला, धुकं उतरलं, आणि तो परत आला नाही. तो एकोणीस वर्षांचा होता, सुन्नेवा चौदाची. समुद्राने त्याला परत दिलं नाही. प्रेत मिळेपर्यंत दगड बसवायचा नाही म्हणून आईने चर्चच्या आवारात त्याच्या नावाचा दगड बसवू दिला नाही, आणि आई तशीच वाट बघत गेली. वडील मात्र तो सबंध हिवाळा डोंगरावर दगड वाहत राहिले. पुरुषभर उंचीची ती उतरंड, दुसऱ्या कुणाचं पोर तिथून पुढे जाऊ नये म्हणून.

शुक्रवारी सुन्नेवा पहार घेऊन वर गेली. वरचे तीन दगड काढले. चौथ्याला हात लावला आणि तिला पुढे जमेना. तिने ते तीन दगड पुन्हा होते तसे बसवले आणि खाली येऊन तुम्मासला ते एक वाक्य सांगितलं. कुणाला कळतंय, तिने मनाशी म्हटलं. नवी वाट खालून जाते.

शनिवारी दोन वाजता काम संपलं. लख्ख ऊन पडलं होतं. तिच्या घरी उतरलेली दोघं आंघोळ करून टेबलाशी बसली. मार्लीस उट्रेख्टची, इस्पितळात परिचारिका. दुआर्ते पोर्तोचा, पन्नाशीचा, शाळेत भूगोल शिकवणारा. दोघांची ओळख याच टेबलावर गुरुवारी झाली होती आणि आता ती भावंडांसारखी भांडत होती.

सुन्नेवाने वाऱ्यावर वाळवलेलं मटण कापून समोर ठेवलं. दुआर्तेने वास घेतला.

"हे किती दिवसांचं आहे?"

"तुझ्या बुटांपेक्षा ताजं आहे. खा."

"त्याच्या बुटांपेक्षा सगळंच ताजं आहे," मार्लीस म्हणाली. "सुन्नेवा, पफिन बघायला किती वेळ लागेल? उद्या रविवार, परवा आमची बोट. आज नाही तर राहिलंच."

"जायला तास, यायला तास. सहाला गावाच्या हॉलमध्ये जेवण आहे. उशीर केलात तर तुम्मास तुमच्या वाटचा रस्सा पिऊन मोकळा होईल. आणि धुकं आलं तर..."

"एका उतरंडीवरून दुसरी दिसल्याशिवाय जागा सोडायची नाही," दुआर्तेने शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवलं. "तुम्मासने तीनदा घोकून घेतलंय."

ती दोघं गेली. सुन्नेवाने भांडी घासली, रूबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा हॉलसाठी बरण्यांत भरला. साडेतीनला तिने खिडकीबाहेर पाहिलं तेव्हा समोरचं बेट दिसेनासं झालं होतं. पाच मिनिटांत बंदर गेलं. मग शेजाऱ्याचं कुंपण गेलं. खिडकीच्या कट्ट्यावर चार्जिंगला लावलेला मार्लीसचा फोन वाजला, पडद्यावर "आई" असं काहीतरी तिच्या भाषेत आलं, वाजून वाजून थांबला.

नवी वाट खालून जाते हे खरं. पण मध्ये एका खांद्यावर ती चढते, आणि तिथून धुकं क्षणभर विरलं तर डोंगरावर उभी असलेली एकच गोष्ट दिसेल. वडिलांनी ती मुद्दाम उंच रचली होती, चहूकडून दिसावी म्हणून.

ती धावत हॉलवर गेली. तुम्मास चौघांना दोर आणि शिट्ट्या वाटत होता.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "नव्या वाटेवर नऊ उतरंडी आहेत, कुठल्या तरी एकीला टेकून बसली असतील. आम्ही ओढ्यावरून डावीकडे जातो."

"मी जुन्या बाजूला जाते."

"तिकडे काय आहे? तूच शेवटची उतरवलीस ना?"

हाच तो क्षण होता. एक शब्द बोलली असती तर चार माणसं आणि दोर तिच्याबरोबर आले असते. चार जण तिच्याकडे बघत होते. तुम्मास तिच्या वर्गातला, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा. सुन्नेवाने मूग गिळले.

"तरी बघून येते," ती म्हणाली.

"वेडेपणा करू नकोस. तिथली जमीन तुझं वजन धरेल याची खात्री मी देत नाही."

पण ती निघाली होती.

ओढ्यापर्यंत डोळे मिटूनही गेली असती. पुढे पाय सांगतील तसं. पहिल्या विस्कटलेल्या उतरंडीचे दगड बुटाला लागले, मग दुसरीचे. तिसरी सापडायला वेळ लागला आणि तेवढ्यात ती दोनदा घसरली. ती हाका मारत होती, पण खाली कड्यावर समुद्रपक्ष्यांचा एवढा कलकलाट होता की तिची हाक तिलाच ऐकू येत नव्हती. अडुसष्ट वर्षांचं शरीर, छातीत भाता चाललेला. मी मूर्ख आहे, मी खुनी आहे, असं ती पुटपुटत होती, आणि मध्येच हानुस, हानुस, असंही.

सातवी समोर आली ती एकदम, माणूस उभा असावा तशी. तिच्यावर दुआर्तेची पिशवी ठेवलेली होती.

इथवर आली होती म्हणजे ती दोघं. पिशवी ठेवून पुढे गेली होती, पुढची उतरंड शोधायला. जुन्या वाटेवर एकही उरली नाही असं त्यांना सांगितलेलं, म्हणजे ही नव्या वाटेवरचीच, असा सरळ विचार होता, कुणीही केला असता. एक सापडली म्हणजे पुढे दुसरी असणारच.

ती हातापायांवर आली आणि गवत चाचपत पुढे सरकू लागली. दहा हात, पंधरा हात. मग तिचा तळवा एका फटीत गेला. बोटभर रुंद, थंड हवा वर येणारी. भेग. तिने पलीकडे कान लावला, आणि पक्ष्यांच्या गोंगाटात तिला माणसाचा आवाज आला. अगदी रोजच्या गप्पांसारखा.

"इथेच असायला हवी, अजून थोडं पुढे जाऊ," दुआर्ते म्हणत होता.

सुन्नेवा किंचाळली असती तर ती दोघं आवाजाकडे धावत आली असती किंवा दचकून मागे सरली असती. मागे काय होतं ते तिला माहीत होतं. तिने श्वास घेतला आणि पोरांना जेवायला बोलवावं तशा आवाजात म्हणाली, "मार्लीस. दुआर्ते. आहात तिथे खाली बसा."

"सुन्नेवा? कुठे आहात तुम्ही?"

"बसा म्हटलं ना. पाय पसरू नका. बसलात?"

"बसलो," मार्लीस म्हणाली. आता तिचा आवाज बदलला होता. परिचारिकांना असा शांत आवाज कशासाठी काढतात ते कळतं. "काय झालंय?"

"काही नाही. आता पालथे व्हा आणि माझ्या आवाजाकडे सरपटत या. आधी मार्लीस. घाई नाही." आणि ती बोलत राहिली, काहीही, रस्सा निवतोय, तुम्मास टपून बसलाय, असं. धुक्यातून आधी एक हात आला, तो तिने मनगटाशी घट्ट धरला आणि भेगेवरून ओढून घेतला. मार्लीस तिच्या अंगावरून मागे गेली. दुआर्ते जड होता. तो अर्धा अलीकडे आला आणि भेगेपलीकडचं गवत त्याच्या गुडघ्याखाली बसलं, वीतभर, गादी बसते तसं. दोघींनी त्याचे खांदे धरून त्याला ओढलं. थोड्या वेळाने खालून, फार खालून, दगड पाण्यात पडल्याचा आवाज आला.

सहाला हॉलमध्ये सगळं गाव होतं. रस्सा वाफाळत होता. दुआर्ते पेला घेऊन उभा राहिला. बोलण्याची सवय शिक्षकाची.

"आम्ही पार भरकटलो होतो," तो म्हणाला. "मग क्षणभर धुकं फाटलं आणि ती उंच उतरंड दिसली. सुन्नेवाच्या वडिलांची आहे असं आत्ता कळलं. ती दिसली नसती तर काय झालं असतं कोण जाणे. त्यांच्या नावाने."

लोकांनी पेले उचलले. एक म्हातारी डोळे पुसू लागली. कुणीतरी म्हणालं, उगाच पाडायला निघालो होतो, राहू द्या ती. तुम्मासने मात्र पेला उचलला नव्हता. तो सुन्नेवाकडे बघत होता. त्याला सगळं समजलं होतं आणि तो काहीही बोलणार नव्हता, हे तिलाही समजलं. गप्प बसली असती तर उतरंड राहिली असती, मान राहिला असता, हानुस राहिला असता.

ती उठली.

"त्या उतरंडीनेच तुम्हाला तिकडे नेलं," ती म्हणाली. "ती मी पाडायची होती. पाडली म्हणून सांगितलं आणि पाडली नाही. तुम्मासनं मला परत विचारलं तेव्हाही बोलले नाही. तुम्ही दोघं मेला असता तर माझ्यामुळे मेला असता. वडिलांचं नाव घेऊ नका. त्यांनी ती माणसं वाचावीत म्हणून बांधली होती."

तिला वाटलं होतं की बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही, नुसती लाज वाटली, अंगभर. ती कोट न घेताच घरी गेली.

रविवारी त्या गावात कुणी कामाला हात लावत नाही. सकाळी सातला दार वाजलं. तुम्मास पहार घेऊन उभा होता, कंबरेला दोर, आणि त्याच्या मागे मार्लीस आणि दुआर्ते.

"सोमवारपर्यंत उभी ठेवता येणार नाही," तुम्मास म्हणाला. "पाद्रीबाईंना सांगून आलोय. चल."

"तू मला काही बोलणार नाहीस का?"

"बोलेन की. दगड उतरवल्यावर बोलेन, भरपूर."

हवा स्वच्छ होती. चौघांनी दोर बांधून दगड उतरवले, एकेक करून, आणि गवतात दूर दूर टाकले. तळाचा दगड हलेना, तेव्हा चौघांनी मिळून त्याला रेटलं. तो पालथा पडला आणि खाली चौपन्न वर्षं न पाहिलेली ओली काळी माती दिसली. सुन्नेवा तिथेच बसली आणि हुंदके देऊन रडली. हानुस गेला तेव्हा आईला सांभाळण्यात तिचं रडणं राहून गेलं होतं.

परतताना तुम्मास ठरल्याप्रमाणे बोलत होता, भरपूर, आणि ती ऐकून घेत होती. ओढ्यापाशी तो थकून पुढे निघून गेला. मार्लीस तिच्या बरोबरीने चालू लागली.

"कसा होता तो?" तिने विचारलं.

सुन्नेवा थांबली. गावात हे तिला कधीच कुणी विचारलं नव्हतं, कारण गावात सगळ्यांना तो माहीत होता, आणि आता ज्यांना माहीत होता ती माणसंही थोडीच उरली होती.

"उंच होता," ती म्हणाली. "आणि चिडका. माझी वेणी ओढायचा." मग तिला आणखी आठवलं, आणि घर येईपर्यंत ती सांगत राहिली.