बाबांच्या बांधीला पाणी शेवटी का?

मागच्या मंगळवारी सकाळपासून गोंदियातल्या माझ्या खोलीत माझा पाय एका जागी ठरत नव्हता. दहा बाय दहाची खोली, त्यात मी नुसत्या येरझारा घालत होते... शेवटी घरमालकीण आंटींनी दारातून विचारलंच, "बेटा, सुबह से कितने चक्कर लगाएगी?"

कारण खरं तर आनंदाचं होतं. मी इंग्रजीत लिहिते. चार वर्षं नकार गोळा केल्यावर माझा पहिला लेख एका मासिकानं घेतला होता, आणि शेवटची प्रत वाचून संध्याकाळी पाचपर्यंत फक्त 'ठीक आहे' एवढं कळवायचं होतं.

लेख बाबांवर होता. कामठ्याच्या पुढे आमचं गाव, आणि बाबा तिथले पाणकर... म्हणजे पावसानं दडी मारली की गावच्या तलावाचं पाणी सोडून प्रत्येकाच्या बांधीपर्यंत, धानाच्या शेतापर्यंत पोचवणारे.

आणि लेखाचा गाभा होता बाबांचा उशीर. शाळेच्या गॅदरिंगला उशिरा, नातेवाइकांच्या लग्नात पंगती उठल्यावर, आणि आमच्या स्वतःच्या बांधीला पाणीसुद्धा गावात सगळ्यात शेवटी. शेजारचा धान हिरवागार आणि आमचा पिवळा पडत चाललेला... लहानपणी मला त्याची फार लाज वाटायची.

ते सगळं मी छान वळणदार इंग्रजीत लिहिलं होतं. 'जन्मालाच उशिरा आलेला माणूस' अशा अर्थाचं एक वाक्य होतं त्यात. संपादक मॅडमना तेच सगळ्यात जास्त आवडलं होतं.

मग अडलं कुठे? तर जर्मनमध्ये.

हसू नका. सहा महिन्यांपासून मी ऑनलाइन जर्मन शिकतेय, नागपूरच्या एका बाईंकडे. कामाला उपयोगी पडेल म्हणून सुरू केलं. मैत्रिणी विचारतात, आपल्या आमगावच्या बाजारात कोणाशी बोलणार आहेस?

त्या आठवड्याचा होमवर्क होता, घरातल्या एका माणसाचं काम दहा वाक्यांत सांगा. मी हुशारी केली, माझा लेखच थोडक्यात उतरवला. पण मला येतात जेमतेम तीनशे शब्द. त्यात वळणदार काय लिहिणार? 'बाबा तलावाचं पाणी सोडतात. आधी दूरच्या शेताला. मग जवळच्या. आमच्या शेताला शेवटी.' बस्स.

मंगळवारी सकाळी तो तपासून आला. चुका फारशा नव्हत्या. फक्त शेवटच्या वाक्यापुढे बाईंनी लाल अक्षरात विचारलं होतं... का?

उत्तर लिहायला बसले आणि लिहिताच येईना. शब्द कमी पडले म्हणून नाही. मला उत्तरच माहीत नव्हतं!

घाईघाईनं इंग्रजी लेख उघडला. एवढी पानं, आणि त्यात ते 'का' कुठेच नाही. जिथे मला काही ठाऊक नव्हतं, तिथे मी एक सुंदर वाक्य ठेवून पुढे निघाले होते. इंग्रजीत मला इतके शब्द येतात की मी स्वतःपासूनही लपू शकते... जर्मनमध्ये लपायला जागाच नव्हती.

बाबांना फोन लावला. तीनदा लावला. पाणी सुटलं की ते मोबाईल घरी ठेवून जातात. साडेतीन झाले होते. स्कूटी काढली आणि निघाले.

बाबा तलावाच्या पाळीवर भेटले. खांद्यावर फावडं, गुडघ्यापर्यंत चिखल. मला बघून घाबरलेच. "काऊन वं? काय झालं?"

"काही नाही बाबा. आपल्या बांधीला पाणी शेवटी का मिळतं?"

"हे इचाराले गोंदियावरून आली?" त्यांनी फावडं खाली टेकवलं. मग साध्या आवाजात म्हणाले, "पानी वाटनाऱ्याची बांधी शेवटीच राहाते. माह्या बाबाचीबी तशीच होती. आपन आधी घेतलं त मंग लोक कायले आयकतीन माहं?"

"आणि पाणी कमी पडलं तर?"

"त आपलं जाते," म्हणाले, आणि फावडं उचलून चालायला लागले. "चाल, उभी काऊन रायली? उनीत कायले उभी रायतं."

मी तिथेच बसले. लाज वाटली, स्वतःचा रागही आला. तीस वर्षांची झाले, आणि बापाला हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता... तरी त्याच्यावर लेख लिहून मोकळी! गॅदरिंगला उशीर का व्हायचा, ते मात्र विचारलं नाही. हिंमतच झाली नाही.

पाळीवर बसूनच, पाचला दहा कमी असताना, मासिकाला मेल केला. ते वाक्य काढा. ते खोटं आहे. दोन दिवस द्या, लेख पुन्हा लिहून देते.

दोन दिवसांत लिहिला. आधीच्या निम्मा झाला. आधी दूरचं शेत, मग जवळचं, शेवटी आमचं, आणि का. इंग्रजीच, पण मी जर्मन लिहिते तशी एकेक पायरी चाचपत. पाठवून पाच दिवस झाले... उत्तर नाही. दर दहा मिनिटांनी मेल उघडते, आंटींनी माझ्या चकरा मोजणं सोडून दिलंय. छापला नाही तरी चालेल असं म्हणणार नाही, मला तो छापून हवाच आहे. फक्त जुना नको.

बाईंना होमवर्कचं उत्तर पाठवलं. त्यांनी नुसती बरोबरची खूण केली. त्यांना कल्पना नाही, त्या एका लाल प्रश्नाचे माझ्यावर किती उपकार आहेत.

आज सकाळी बाबांचा फोन आला. म्हणजे मोबाईल त्यांच्याजवळ होता, म्हणजे काम आटोपलं होतं.

"सबनचं झालं वं," म्हणाले. "आता आपल्या बांधीत पानी जाऊन रायलं."