घडी मोडून कापलेला शर्ट

माझा डावा खांदा उजव्यापेक्षा तीन बोटं खाली आहे आणि पाठीवर उजवीकडे उंचवटा आहे. बाराव्या-तेराव्या वर्षी कणा वाकायला लागला आणि घरात लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. कल्याणच्या डॉक्टरांनी पट्टा दिला. दोन उन्हाळे घातला, घामानं कातडी सोलून निघाली, मग सोडून दिला. हे कीव यावी म्हणून सांगत नाही. मला माझ्या पाठीचा राग नाही. राग आहे शर्ट शिवणाऱ्यांचा, आणि त्यांच्याहून जास्त माझा स्वतःचा.

आमचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्यावर, किन्हवलीच्या अलीकडे. शाळेचा शर्ट वर्षातून एकदा मुरबाडच्या बाजारात शिवायला टाकायचा. टेलर छातीभोवती टेप फिरवायचा, एक लांबी घ्यायचा, एक बाही घ्यायचा. एकच. दुसरी त्यानं कधी मोजली नाही. आठ दिवसांनी शर्ट हातात यायचा तो कॉलर डावीकडे ओढलेली, पाठ उजवीकडे वर चढलेली आणि खालची कड तिरकी. एका वर्षी वडिलांनी धीर करून विचारलं, "मास्तर, जरा बघा ना, तिरका बसतोय."

टेलरनं मला शर्ट काढायला लावला. टेबलावर त्याची घडी घातली, बाहीवर बाही, कडेवर कड. "हे बघा. सुताचा फरक नाय. शर्ट बरोबर हाय, पोरगा तिरका हाय."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. वडीलही थोडं हसले. मी बनियनवर उभा होतो. त्या माणसाला माप घेता येत नव्हतं, आणि लाज मला वाटत होती. मोजायचं काम त्याचं होतं, पैसे त्यानं घेतले होते आणि चूक माझ्या हाडांची निघाली!

माझ्याहून दोन वर्षांनी मोठी ताई दहावीनंतर काही वर्षं घरीच होती, मग शहापूरला शिवणक्लासला जायला लागली. नव्वद साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. सकाळच्या एसटीनं जायची, दुपारी यायची आणि जेवता जेवता क्लासच्या गोष्टी सांगायची. तिथे शिकवायचे ते असं: कापड दुमडायचं, घडीवर अर्ध्या अंगाचं माप आखायचं आणि दोन्ही थर एकदम कापायचे. घडी उघडली की पुरं अंग तयार. ताईनं तिथल्या मैत्रिणींची मापं गंमत म्हणून दोन्ही बाजूंनी घेतली. एकीचेही दोन खांदे सारखे निघाले नाहीत. कोणाचा पाव इंच खाली, कोणाचा अर्धा. तिनं ते बाईंना सांगितलं.

"मग बाई काय म्हणाल्या?" आईनं विचारलं.

"म्हणाल्या, तू घडी मोडू नको, तुझा टाइम जाईल. अर्धा इंच कोण बघतंय?"

"आन् तीन बोटं?" मी विचारलं.

ती ताटावरून उठली. मग हात धुतला आणि शेजारच्या गवंडीकाकांकडून ओळंबा मागून आणला. मला पडवीत उघडं उभं केलं, ओळंब्याची दोरी मानेच्या मणक्यावर धरली आणि आईला म्हणाली, "ही दोरी सरळ हाय ना? आता बघ हाडं कुठं कुठं सोडतात हिला." दर चार बोटांवर माझ्या पाठीवर तिनं खडूनं खूण केली. मग टेप. खांद्यापासून कमरेपर्यंत डावीकडे, खांद्यापासून कमरेपर्यंत उजवीकडे. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो खांद्याचा घेर, दोन वेळा, बाही दोन वेळा. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं दोन रकाने पाडले आणि वर लिहिलं 'डावा' आणि 'उजवा'. माझ्या अंगाला कोणी इतकं मन लावून हात लावला नव्हता. डॉक्टरांनीही नाही.

शहापूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतल्या मदतनीसाची जागा निघाली होती. मी बारावी सायन्स काठावर पास झालेला होतो. मुलाखतीला घालायला म्हणून तिनं फिकट निळं कापड आणलं. ते पडवीत सबंध पसरलं. घडी घातली नाही. दोन बाजू दोन वेळा कापल्या.

तो शर्ट मी अंगात घातला आणि मला तो जाणवलाच नाही. कुठे ओढत नव्हतं, कुठे चढत नव्हतं. कॉलर मानेच्या मध्यावर होती. खालची कड सरळ होती. मी हात वर केले, खाली केले, वाकलो, आणि शर्ट माझ्याबरोबर आला. आई म्हणाली, "अगो, ह्याची पाठ कुठं गेली?" ताईचा चेहरा मला आठवतो. वर्गात पहिली आलेल्या मुलीसारखा होता.

मी इथेच थांबलो असतो तर ही आठवण गोड झाली असती.

दुसऱ्या दिवशी तिनं शर्ट धुऊन अंगणातल्या दोरीवर वाळत घातला. अंगाबाहेर तो शर्ट विचित्र दिसायचा. एक खांदा उंच, एक पडलेला, एका बाजूनं लांब. रस्त्यानं जाणारे माझे दोन मित्र थांबले.

"ह्यो कुनाचा रे शर्ट?"

"ताईनं शिवलाय," मी म्हणालो. कोणाचा, ते सांगितलं नाही.

"क्लासची फी परत माग म्हणावं! अर्धा तुझ्या बापासचा, अर्धा तुझा!"

"आरं नाय," दुसरा म्हणाला, "दोघा भावांत एक शर्ट, वाटणीचा."

दोघं हसत गेले. ते ताईला हसत होते, मला नव्हे. तरीही मी दोरीवरून शर्ट ओढून काढला, आत गेलो आणि मशीनवर बसलेल्या ताईच्या अंगावर फेकला.

"तू माझं कुबड शिवलंस," मी म्हणालो. "आता दोरीवरपन लोकांनी बघायचं काय? दुसऱ्यांसारखा सरळ करून दे मला. तुला येत नसंल तर टेलरकडं टाकतो. तुला माप जमतच नाय."

हे वाक्य मी बोललो. टेलरच्या दुकानात बनियनवर उभं राहून जसा खोटा दोष ऐकून घेतला होता, तसाच मी, ज्या एकाच माणसानं मला नीट मोजलं होतं त्याच्या तोंडावर फेकला.

तिनं वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं. तिनं ब्लेड घेऊन शिवण उसवली, पाठ दुमडून घडीवर ठेवली, मोठी बाजू लहान बाजूइतकी कापली आणि संध्याकाळपर्यंत दोन्हीकडे सारखा असलेला शर्ट माझ्या हातात दिला. दोरीवर तो अगदी छान दिसला.

मुलाखतीत तो उजव्या पाठीवर इतका ताणला होता की श्वास पूर्ण घेता येईना. समोरच्या एका गृहस्थांनी फाइलमधून मान वर करून सांगितलं, "जरा सरळ उभे राहा." मी सरळच उभा होतो. माझ्या हाडांना जेवढं सरळ होता येतं तेवढा. हे बोलायचं सोडून मी "हो सर" म्हणालो आणि डावा खांदा उचलून धरला. नोकरी लागली. तो खांदा तसाच उचलून धरायची सवय पुढे कितीतरी वर्षं राहिली.

ताईचं लग्न मुरबाडकडे झालं. मशीन तिच्याबरोबर गेलं. ती पिको करते, साडीला फॉल लावते, परकर शिवते, ज्यात अंगाशी भांडण नाही एवढंच. मला वाटायचं, संसारात वेळ मिळत नसेल. मग दोन हजार साल उलटून गेल्यावर एकदा दिवाळीत मी तिच्याकडे गेलो होतो. शेजारची बाई ब्लाउजपीस घेऊन दारात आली. ताई शांतपणे म्हणाली, "फॉल असंल तर दे. ब्लाउज नाय शिवत मी. मला माप जमत नाय."

माझंच वाक्य. शब्द न् शब्द. तिनं ते बारा-तेरा वर्षं सांभाळलं होतं आणि आता तिला ते स्वतःचंच वाटत होतं.

मी चहा तसाच ठेवून निघालो. माफी मागायचं सुचलं नाही असं नाही, हिंमत झाली नाही. घरी येऊन बायकोच्या माहेरहून आलेल्या मशीनवर बसलो. मनाशी म्हटलं, आधी कळू दे की ताईनं नेमकं काय केलं होतं. महिनाभर उशांचे अभ्रे शिवले. पाय आणि हात एका चालीत यायलाच तेवढे दिवस गेले. मग बायकोला टेप धरायला लावली. "हे काय नवीन?" ती म्हणाली, पण तिनं दोन्ही बाजू मोजल्या. मी कागदावर आखणी केली, 'डावा', 'उजवा' लिहिलं, कापड सबंध पसरलं, कागद ठेवला आणि कापलं. पंधरा दिवस शिवत होतो. घातला तर काय! डावीकडे, जिथे माझा खांदा पडलेला, तिथे कापडाचा डोंगर. उजवीकडे उंचवट्यावर शर्ट फाटायला आलेला. टेलरच्या शर्टाहून दुप्पट वाकडा.

तोच घालून मी एसटीत बसलो आणि मुरबाडला गेलो. लोक बघत होते. बघू देत म्हटलं.

ताईनं दार उघडलं, मला खालपासून वर बघितलं आणि खुर्ची धरून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अरं प्रयोगशाळावाल्या! कापडाची उलटी बाजू वर ठेवलीस आन् कागद सुलटा! तुझा डावा उजवीकडं गेला ना! घडीवर कापणाऱ्याचं चालतं तसं, दोन्ही सारखंच असतंय. घडी मोडली की आधी कापडावर लिहायचं कुठली बाजू कुठं." ती बोलत होती आणि तिचे हात माझ्या पाठीवरची शिवण चाचपत होते. माप जमत नाही म्हणणाऱ्या बाईचे हात.

"ताई," मी म्हणालो, "त्या वेळेला तुझं बरोबर होतं. मी घाण बोललो. मला लोकांची लाज वाटली आणि ती तुझ्यावर काढली."

"मला राग नव्हता आला रे," ती म्हणाली. "मला वाटलं, तुझंच बरोबर असंल. शिकलेला तू."

याचाच मला संताप येतो. तिला राग यायला हवा होता! तिनं तो शर्ट माझ्या तोंडावर परत फेकायला हवा होता. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला अशी घडवली होती की, मी खोटं बोललो तर तिनं स्वतःचे हात खोटे ठरवावेत.

तिनं लाइटचं बिल उलटं करून दोन रकाने पाडले. माझा खांदा आता चार बोटं उतरला होता. कापड पसरलं आणि कात्री माझ्या हातात दिली. "मी नाय कापायची. मागं एकदा मला कापायला लावलंस. आता तूच काप, मी बाजू सांगते." मी कापलं. ती "डावा, डावा, अरं डावा!" म्हणून ओरडत होती.

पुढच्या सुट्टीत मी तो शर्ट घालून तिच्याकडे गेलो. आत जेवत होतो. दारात कोणी बाई आली, हातात ब्लाउजपीस. ताईचं नेहमीचं सुरू झालं, "नाय गो, मला माप..."

"जमतं!" मी आतून ताटावरूनच ओरडलो. "जमतं तिला. हा शर्ट बघायला आत या."

"गप जेव रे तू," ताई म्हणाली. मग ती दारातल्या बाईला म्हणाली, "बरं, ये आत. टेप कुठं ठेवलीय बघते. पन मी घडी मोडून कापनार. कापड जास्त लागंल, आधीच सांगते."