आई पानमळ्यात शिरली तेव्हा

विड्याच्या ओल्या पानांचा वास आला की मला सोनाळ्याचा आमचा पानमळा आठवतो, आणि त्यातून धावणारी आई. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं, पण मळ्याचे नियम जुनेच होते: वहाणा बाहेर काढायच्या आणि पाळी येणाऱ्या बाईनं आत पाऊल टाकायचं नाही, नाहीतर म्हणे वेल सुकतात. मी शेंडेफळ, अजून लहान, म्हणून मला मुभा होती. आई मात्र लग्न झाल्यापासून बाबांची भाकरी घेऊन कुडाबाहेर उन्हात थांबायची. त्या दिवशी ती थेट दाराशी गेली आणि वहाणा काढू लागली. आजी ओरडली, "काऊन वं, येडी झाली काय?" "वरीस झालं आत्याबाई, माही पाळी गेली. आता मले कोन अडवते?" आईला हसू आवरत नव्हतं. आजीनं तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्याही वहाणा काढल्या. "चाल मंग माह्यासंगं!" आत उंच चढलेले वेल, हिरवी सावली, पायाखाली थंडगार चिखल. आई लुगडं खोचून ओळींमधून पोरीसारखी पळत सुटली. "अवं माय, इतकं गार अस्ते इथं? अन् मी इतकी वरसं बाहेर उभी!" बाबा हातातली पानं विसरून नुसते बघत राहिले. परवा डॉक्टरीणबाई मला अगदी हळू आवाजात, समजूत घातल्यासारखं सांगत होत्या की तुमची पाळी आता कायमची थांबली. ऐकता ऐकता मी टेबलाखाली चपला काढल्या.