फळीवरचा पिवळा ट्रक

माझी आत्या दिवसभर शाळेची बस चालवते आणि घरी आली की बोटभर मोटारी. घर भरून खेळण्यातल्या गाड्या आहेत, त्यामुळे आमच्याकडे अनवाणी चालणं जिवावरचं काम.

दर रविवारी तिच्यासारखी दहाबारा वेडी माणसं वाचनालयाच्या मागच्या खोलीत गाड्यांची अदलाबदल करायला जमत. रिवाज एकच. आणलेली गाडी आधी तिरक्या फळीवरून सोडायची, आणि ज्याची सगळ्यात लांब जाईल त्याने पहिली निवड करायची. आत्या हरली की दोन दिवस फुगून बसायची. जिंकली की आठवडाभर आमचे कान किटायचे.

मग तिथे एक व्यापारी यायला लागला. माणूस गोडबोल्या. खोक्याचं सील फोडलं की गाडीचा भाव गेला, हे त्याने एकेकाच्या डोक्यात भरवलं. झालं! खोकी उघडेनात, फळी कपाटामागे गेली, आणि मंडळी फोनवरचे भाव बघत बसू लागली. माझा संताप व्हायचा. त्यातून आत्याही वाहवली. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा एक पिवळा ट्रक ती कित्येक वर्षं शोधत होती. तो मिळाला, तर बाईने सीलबंदच घरच्या कपाटात ठेवला, वर कुलूप!

"आत्या, पळतो कसा गं तो?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक?" ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिचाच चेहरा पडला.

रविवारी ती ट्रक घेऊन निघाली. खोकं बघून व्यापाऱ्याची कळी खुलली. "घेतलंत ना ताई शेवटी विकायचं मनावर?"

"घेतलं," म्हणत आत्याने कपाटामागची फळी ओढली, ओढणीने पुसली आणि सरळ दाताने सील फोडलं.

"अहो, माती केलीत!" व्यापारी ओरडला.

ट्रक फळीवरून वीतभर घसरला आणि थांबला. खोक्यात बसून चाकं आखडली होती. कुणीतरी फिसकन हसलं. आज हसं झालं असतं तर ती फळी पुन्हा कुणी बाहेर काढली नसती.

आत्याने पर्समधून शिवणयंत्राच्या तेलाची कुपी काढली, चाकाचाकाला थेंब दिला, चाकं बोटाने फिरवली. "चल रे बाबा, लाज राख."

आणि ट्रक सुटला! खुर्च्यांखालून, चपलांमधून, थेट व्यापाऱ्याच्या टेबलाखाली. इतक्या लांब आजवर कुणाचीच गाडी गेली नव्हती. खोलीत एकच गलका झाला. निवृत्त पोस्टमनकाकांनी तिथल्या तिथे आपलं खोकं टराटरा फाडलं, मग शेजारच्या बाईंनी. मी तर खुर्चीवर चढून ओरडत होते.

ट्रक काढायला व्यापारी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरला. बाहेर आला तो कोपरापर्यंत धुळीने माखलेला. ट्रक त्याने तळहातावर पुढेमागे फिरवून पाहिला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "माझ्या हिरव्या जीपला हरवेल हा?"

"आधी सील फोडा," आत्या म्हणाली, "मग बोला."