गौरांग मिस्त्री आणि माझे एक पत्र

फाल्गुनातल्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजता गौरांग येणार होता. सव्वादहा झाले तरी तो आला नाही, एवढ्यावरच मी गॅलरीत येरझाऱ्या घालू लागलो. वेळ पाळणाऱ्या माणसाने वेळ चुकवली की मला तो शिस्तभंग वाटतो. उन्हाळ्यापूर्वीची एसीची साफसफाई होती. पलंग भिंतीपासून ओढून ठेवला होता, त्यावर जुनी चादर अंथरली होती. शेवटी मीच फोन लावला. तो त्याच्या मुलीने, तूलिकाने, उचलला. "जेठू, बाबा रविवारी पडले," ती म्हणाली. कोणत्या इस्पितळात ठेवले आहे, असे मी विचारले. ती म्हणाली, "इस्पितळात नाहीत, जेठू. काल संध्याकाळी घाटावर नेलं."

जेठू म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. नात्याने मी तिचा कोणीच नाही. मी साताऱ्याचा, गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत विधी शाखेत नोकरी करून निवृत्त झालेला आणि पत्नी सुलभा हिच्या शाळेतल्या नोकरीमुळे बंगालमध्ये, बागबाजारातच राहून गेलेला माणूस. गौरांग हा आमच्या घरातला एसी सांभाळणारा मिस्त्री. दक्षिणेकडच्या एका गृहसंकुलात पाचव्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीवर, गंजलेल्या लोखंडी अँगलवर बसवलेले आउटडोअर युनिट धुताना तो अँगल निसटला आणि त्याच्यासकट गौरांग खाली आला. तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो 'जबाबदार कोण?' हा. दुःख त्यानंतर आले, हे मी लपवत नाही. आयुष्यभर मी हाच प्रश्न कागदावर इतरांना विचारत आलो आहे. आज सात आठवड्यांनी हा लेख लिहितो आहे तो गौरांगच्या आठवणीसाठी आणि त्याच्या नावापुढे लागलेला एक शब्द पुसण्यासाठी. तो शब्द मीच लावला होता.

एसी बिघडल्यावर माणसे मिस्त्रीला बोलावतात. गौरांगचे म्हणणे असे की तोवर निम्मे काम हातचे गेलेले असते. तो आधी यंत्राशी काही करतच नसे. खोलीच्या मध्यभागी उभा राहून कान देई, मग वाऱ्याच्या झोतासमोर तळहात धरी, पाणी वाहून नेणाऱ्या नळीचे बाहेरचे टोक बोटाने चाचपी आणि मगच पेचकस काढी. आतली कॉइल तो मऊ ब्रशने वरून खाली अशीच घासायचा, आडवी कधीच नाही, कारण तिचे पत्रे कागदासारखे दुमडतात. बाहेरच्या युनिटमागे दिवाळीतल्या कालीपूजेच्या फटाक्यांची काजळी आणि कबुतरांची पिसे यांचा जो थर बसे, तो मला दाखवल्याशिवाय पाण्याने उडवायचा नाही, हा त्याचा नेम. दरवर्षी नवा गॅस भरून देतो म्हणणाऱ्यांचा त्याला तिटकारा होता. "गॅस म्हणजे काय मोहरीचं तेल आहे, रोज थोडं थोडं संपायला?" तो सुलभाला म्हणे. तिला तो बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत असे. "कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, बौदी. गळती न शोधता जो भरून देतो, त्याला पुन्हा दारात उभं करू नका." मी कधी वकिली केली नाही, पण माझ्या टेबलावरचे कागदांचे ढिगारे पाहून तो मला उकीलबाबू म्हणत असे. त्याचे बोलणे अर्थातच बंगालीत असे. इथे मी ते मराठीत आणले आहे.

तो प्रथम आला तेव्हा स्वतंत्र नव्हता. आमचा एसीच्या कंपनीशी वार्षिक देखभालीचा करार होता आणि कंपनीने ते काम एका एजन्सीला दिले होते. गौरांग त्या एजन्सीचा नोकर. नऊ वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात सुलभाच्या कंबरेच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली. तिला घरी आणले त्याच दिवशी एसीतून पाणी गळू लागले, थेट तिच्या उशाशी. पलंग हलवणे शक्य नव्हते, आणि एसी बंद केला की त्या दमट उकाड्यात पट्टीच्या कडेने तिच्या अंगावर पुरळ येई. करारात स्पष्ट लिहिले होते की तक्रार नोंदवल्यापासून चोवीस तासांत माणूस येईल. मी तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक लिहून घेतला आणि घड्याळ समोर ठेवून बसलो. दुसऱ्या दिवशी गौरांगचाच फोन आला. उद्या सकाळी पहिले काम तुमचेच करतो, पण आज नाही, आज विश्वकर्मा पूजा आहे, असे तो म्हणाला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो की त्या दिवशी इथले कारागीर हत्याराला हात लावत नाहीत. पाना, पेचकस, पक्कड धुऊन पुसून देवासमोर मांडतात आणि दिवसभर गच्चीवर पतंग उडवतात. आमच्या समोरच्या गच्चीवरही ते उडत होते, आणि मी खिडकीत उभा राहून त्या पतंगांवर दात खात होतो.

सुलभा पलंगावरून म्हणाली, "आपल्याकडे खंडेनवमीला कुणी सुतार पटाशी हातात धरतो का? एक दिवसाचा प्रश्न आहे. बादली ठेवा." मी बादली ठेवली आणि पत्र लिहायला बसलो. कराराचे कलम उद्धृत केले, ग्राहक म्हणून माझे हक्क मांडले, आणि शेवटी एक वाक्य लिहिले, जे इंग्रजीत होते, पण मराठीत त्याचा अर्थ नेमका असा: सदर कारागीर कामाबाबत अक्षम्य बेफिकीर असून अशा माणसाच्या हाती ग्राहकांची घरे सोपवणे धोक्याचे आहे. ते वाक्य मला फार आवडले होते. त्याच दुपारी मी स्वतः जाऊन ते पत्र रजिस्टर करून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गौरांग आला, पाण्याच्या नळीत साचलेला शेवाळासारखा चिकटा त्याने वीस मिनिटांत फुंकून काढला आणि सुलभाच्या पायांशी पूजेच्या प्रसादाची पुडी ठेवून गेला. पत्र तेव्हा टपालात होते. मागे घ्यायचे असते तर एक फोन पुरला असता. मी केला नाही.

महिन्याभराने कंपनीचे उत्तर आले: आपल्या तक्रारीची दखल घेऊन संबंधित कारागिराला सेवेतून कमी करण्यात आले आहे. मी त्या उत्तरावर 'निकाली' असे लिहून ते फाइलमध्ये लावले. सुलभाला सांगितले नाही. एजन्सीने पाठवलेल्या नव्या माणसाने पुढच्या मार्चमध्ये कॉइलचे पत्रे आडव्या ब्रशने चेपून ठेवले, तेव्हा तिनेच गौरांगचा नंबर शोधून त्याला बोलावले. तो आला, त्याने यंत्र उघडले आणि हळहळत एक एक पत्रा सरळ करत बसला. तुम्ही एजन्सी सोडलीत का, असे तिने विचारल्यावर तो एवढेच म्हणाला की आता मी कुणाचाच माणूस नाही, बौदी, त्यामुळे तुमचा झालो. मी बाजूच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो. तेव्हापासून दरवर्षी तो आला आणि दरवर्षी सांगण्याची संधीही त्याच्याबरोबर आली. मी प्रत्येक वेळी दुसरेच काहीतरी बोललो.

एकदा मी त्याला आमच्या खिडकीबाहेर सज्ज्यावर उभा राहून काम करताना पाहिले आणि रागावलो. सुरक्षेचा पट्टा कुठे आहे, असे विचारले. "पट्टा एजन्सीचा होता, उकीलबाबू," तो आत न वळता म्हणाला. "काढलं त्या दिवशी जमा करून घेतला." मग विकत घे, मी देतो, असे मी म्हणालो, तर तो हसला. "आणि अडकवू कुठे? तुमच्या या ग्रिलला? हे ग्रिल माझ्याआधी खाली पोचेल." मी लगेच इमारतीच्या सचिवांना पत्र लिहिले, भिंतींवर हुक बसवण्याविषयी. महापालिकेला लिहिले. वृत्तपत्रांना लिहिले. त्याला दाखवले तेव्हा त्याने ते नीट वाचले. बागबाजारात एकेकाळी मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवण्यासाठी खंदक खणायला घेतला होता, हे इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते आणि आम्हा मराठी माणसांना इथले लोक बर्गी, म्हणजे लुटारू स्वार, म्हणून चिडवतात. गौरांग कागदाची घडी करत म्हणाला, "तुमच्या लोकांना अडवायला इथे खंदक खणला, उकीलबाबू. तुमची पत्रं अडवायला काय खणायचं?" मीही हसलो. आता ते वाक्य मी पुन्हा पुन्हा उलटसुलट तपासतो. त्याला माहीत होते का? एजन्सीने काढताना त्याला माझे पत्र दाखवले असेल का? साक्षीदार उरला नाही...

तो गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात तूलिका एक कागद घेऊन आमच्याकडे आली. तिची आई मालती घराबाहेर पडत नव्हती. गृहसंकुलाने पोलिसांना लेखी खुलासा दिला होता आणि त्याची प्रत तूलिकाला मिळाली होती. उत्तर कसे द्यायचे, हे विचारायला तिच्या ओळखीत कायद्याचे असे मीच एकटा होतो. मी चष्मा लावला. गंजलेल्या अँगलचा त्यात उल्लेख नव्हता. कोणत्या फ्लॅटने त्याला बोलावले, याचाही नव्हता. मृत इसम स्वतःच्या जबाबदारीवर काम करणारा होता, असे त्यात होते आणि पुढे लिहिले होते की यापूर्वीही एका ज्येष्ठ ग्राहकाच्या लेखी तक्रारीवरून, कामाबाबत अक्षम्य बेफिकीर असल्याच्या कारणास्तव, त्याला एजन्सीने काढून टाकले होते. सबब अपघात त्याच्या बेफिकिरीमुळेच घडला. माझेच वाक्य. नऊ वर्षे एजन्सीच्या कपाटात राहून, गृहसंकुलाने चौकशी करताच, ते बाहेर आले होते आणि गौरांगच्या मृत्यूचे कारण म्हणून उभे होते. ग्राहकाचे नाव मात्र दिलेले नव्हते. तूलिका म्हणाली, "जेठू, बाबा बेफिकीर नव्हते. कोण असेल हा माणूस? तो सापडला तर त्याला विचारता येईल ना?"

दोन दिवसांत उत्तर लिहून देतो, असे मी सांगितले. त्या दोन दिवसांत मी नदीच्या घाटाच्या बाजूने, रेल्वेच्या रुळांच्या कडेकडेने इतका चाललो की मी पुन्हा बाहेर पडू नये म्हणून सुलभाने छत्री आणि किल्ली काढून घेतली. मनात एक उत्तर तयार होते, आणि ते कायद्याने उत्तम होते: नाव नसलेल्या तक्रारीला पुरावा म्हणून किंमत नाही, एवढा मुद्दा पुरेसा होता. गृहसंकुलाची चार पानी चिरफाड मी अर्ध्या तासात करू शकलो असतो. मी ती केलीही. जबाबदारी झटकणाऱ्या त्या माणसांबद्दल माझ्या मनात आजही दयामाया नाही. ज्यांनी त्याला त्या अँगलवर चढवले त्यांनी निदान तेवढे तरी कबूल करावे. पण त्यांना हा आग्रह धरणारा मी स्वतः काय करत होतो? नाव नाही म्हणून सुटत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती पाने फाडली आणि एकच पान लिहिले. तक्रार करणारा ज्येष्ठ ग्राहक मी. त्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती, कारागिराने मला तसे आधी कळवले होते आणि ठरल्या वेळी येऊन काम पूर्ण केले होते. माझा आरोप रागाच्या भरात केलेला आणि खोटा होता. नऊ वर्षे माझ्या घरातले काम मी त्याच्याच हाती सोपवले, हीच त्याच्या दक्षतेची माझ्याकडची साक्ष. सोबत 'निकाली' शेरा मारलेल्या उत्तराची प्रत जोडली. शेवटी दोन ओळी क्षमेच्या लिहिल्या.

तूलिकाने ते पान माझ्यासमोर उभे राहून वाचले. बस म्हटले तरी ती बसली नाही. सुलभा दारात होती. तिलाही हे तेव्हाच कळत होते. वाचून झाल्यावर मुलीने टेबलावरचे माझेच पेन उचलले आणि शेवटच्या दोन ओळी खोडल्या. "हे पोलिसांना कशाला?" ती म्हणाली. "तिथे जे घडलं तेवढंच राहू द्या. हे आईला सांगा." तिने मला जेठू म्हटले नाही. कागद घेऊन ती स्वतःच ठाण्यात गेली. तपास अजून चालू आहे.

पुढच्या रविवारी मी सियालदहहून गाडी पकडून त्यांच्या घरी गेलो. मालतीने खुर्ची दिली, ती समोर चौकटीला टेकून उभी राहिली. मी सगळे सांगितले, कलम आणि पोटकलम न सांगता, जसे सुचले तसे. गौरांगला हे ठाऊक होते का, असे मी विचारले. "घरी कधी बोलले नाहीत," ती म्हणाली. बाहेर कोणीतरी हातपंप हापसत होते. चहाचा कप उचलताना तिने विचारले, "तुमचं मशीन आता कोण साफ करतं?"

"मीच. निदान आतल्या जाळ्या तरी काढून धुतो."

"धुऊन कुठे टाकता?"

"गॅलरीत. उन्हात."

"उन्हात नको," ती म्हणाली. "जाळी वाकते, मग खाचेत बसत नाही. सावलीत वाळवायची. ते स्वतः सगळ्यांना हे सांगायचे."

मला त्याने हे कधी सांगितले नव्हते. सांगण्याची वेळच आली नव्हती. वार्षिक साफसफाईशिवायही, बागबाजारात कुठेही काम असले की दर पंधरा दिवसांनी तो तीन जिने चढून यायचा आणि आमच्या जाळ्या स्वतः धुऊन, स्वतः वाळवून, परत बसवून जायचा. आता दर दुसऱ्या रविवारी न्हाणीघरामागच्या अरुंद बोळकांडीत, जिथे ऊन कधी पोचत नाही, दोन जाळ्या दोरीवर टांगलेल्या असतात. सावलीत त्या वाळायला वेळ लागतो. तोवर मी आत-बाहेर करत राहतो. दर दहा मिनिटांनी बोट लावून पाहतो, आणि त्या अजून ओल्याच असतात.