पिवळा तळहात

परवा भाचीच्या लग्नात कुणीतरी माझ्या गालाला हळद फासली आणि त्या वासानं मला थेट सेलूजवळच्या आमच्या गावी, ग्रामपंचायतीच्या खिडकीशी नेऊन उभं केलं. वडील सरपंच होते आणि त्यांच्यावर अविश्वास ठराव आला होता. त्या सकाळी त्यांच्या बाजूच्या सदस्यांनी खंडोबाच्या देवळात बेलभंडार उचलून शपथ घेतली. सगळ्यांत आधी हात पुढे केला तो वडिलांच्या जिवलग मित्रानं; मी त्यांना काका म्हणायची, त्यांच्याच खांद्यावर बसून मी जत्रा पाहिल्या होत्या. "देवाची आन हाय, तुझी खुर्ची हलू देणार न्हाई," भंडाऱ्याची मूठ आवळून ते म्हणाले. लय ऊन होतं, मूठ घामानं ओली झाली होती. दुपारी तहसीलदारांनी ठरावाच्या बाजूनं असलेल्यांना हात वर करायला सांगितलं. विरोधकांना एकच हात कमी पडत होता, आणि तोही वर गेला. तो पिवळाजर्द होता. खिडकीशी दाटलेली माणसं टाचा उंचावून बघू लागली. वडील त्या हाताकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "हात धुऊन तरी यायचं व्हतं, गड्या." काकांनी हात खाली घेतला नाही, फक्त बोटं मिटून घेतली. आता वडील नाहीत, काकाही नाहीत. गावात ठराव अजून येतात, सरपंच अजून पडतात. पण बेलभंडार उचलायला आता कुणी कुणाला सांगत नाही, त्यामुळे वर जाणारे सगळे हात स्वच्छ असतात.