विषय न बदलणारी बाई

नव्वदच्या दशकात मी बंगळुरात प्रोग्रामर म्हणून नवा होतो, तेव्हा एका संस्थेतल्या व्याख्यानाला गेलो. बोलणारी बाई तिशीची होती. कुणी प्रश्न विचारला की ती आधी खडू खाली ठेवायची, मगच उत्तर द्यायची.

तिचा प्रश्न साधा दिसत होता. गावातल्या प्रत्येक रस्त्यावर नजर राहावी म्हणून कमीत कमी किती चौकांत पोलीस उभे करावे लागतील?

पुढच्या रांगेतले एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "मोठ्या गावासाठी हे संगणकालाही आवरणार नाही. विषय बदला."

तिने खडू ठेवला. "पोलीस दहाच आहेत असं समजा, सर. नजर नसलेला कुठलाही रस्ता घ्या. त्याच्या दोन टोकांपैकी एकावर पोलीस हवाच. म्हणजे दर वेळी दोनच पर्याय, आणि असं फार तर दहा वेळा; सगळ्या मिळून हजारेक शक्यता. मग गाव कितीही वाढू दे."

"आणि पोलीस शंभर असले तर?"

"तर मी हरले. पण म्हणून दहापाशीच का हरू?"

ऑफिसात 'हे होणार नाही' ऐकलं की मी मुकाट मान डोलवायचो. मला माझीच लाज वाटली.

नंतर बाहेर तिचं आडनाव ऐकून मी मराठीत बोललो तशी ती हसली. तिचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच; बोलण्यात कानडी मिसळलेली. "पीएचडीचा हा विषय समितीने दोनदा परत पाठवला, अण्णा," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा तोच लिहून दिलाय. स्वल्पसुद्धा बदलला नाही."

आत ते प्राध्यापक फळ्यावरची आकृती वहीत उतरवून घेत होते. ती डस्टर घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"सावकाश उतरवा, सर," ती म्हणाली. "मी थांबते."